नैरोबीतला आखाड: सकाळी गेंडा, दुपारी म्बुझी

केनियाला निघाले तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकानं एकच विचारलं, "मसाई मारा बघणार ना?" नाही बघितलं. नैरोबीहून त्या अभयारण्यात जायला पाच-सहा तास गाडीत बसायचं, माझ्या कंबरेत दोन मणके आधीच रुसलेले, आणि मुळात मी गेले होते मैत्रिणीकडे. कोल्हापुरात होस्टेलला आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. लग्नानंतर ती नैरोबीला गेली आणि तिथलीच झाली. दर दिवाळीत "ये गं, ये गं" म्हणायची. बँकेतून निवृत्त झाले आणि या जुलैत एकदाची गेले. बारा दिवस राहिले. त्यातला एक अख्खा दिवस असा गेला, की त्याबद्दल सविस्तर लिहावं असं वाटलं. नैरोबीत कुणाचं कुणी असेल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर त्यांनी हे वाचावं.

दिवस असा होता: पहाटे सहाला नैरोबी नॅशनल पार्क, अकराला हत्तींच्या अनाथ पिल्लांचं घर, आणि साडेबाराला केन्याटा मार्केटमध्ये मटण. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून जवळ. आषाढ चालू होता, त्यामुळे मटणाला कुणाची आडकाठी नव्हती. श्रावणात गेले असते तर हा लेख अर्धाच झाला असता.

आधी तक्रार उरकते. गाडी मैत्रिणीच्या यजमानांनी एका टूर कंपनीकडून ठरवली होती. नाव लिहीत नाही. छप्पर वर उचलून उभं राहून बघता येतं अशी गाडी, दुर्बीण, गरम चहा, सगळं कबूल केलं होतं. गाडी आली चाळीस मिनिटं उशिरा, छपराची एका बाजूची कडी अडकलेली, आणि दुर्बिणीची एक काच इतकी धुरकट की त्यातून सगळीच जनावरं म्हशींसारखी दिसावीत. चहा नव्हताच. ड्रायव्हर मात्र सोन्यासारखा माणूस. कंपनीला पाचपैकी दोन, ड्रायव्हरला पाच. छप्पर त्यानं खांदा लावून उघडलं आणि वर मलाच म्हणाला, "पोले, मामा." पोले म्हणजे सॉरी. आणि तिकडे वयानं मोठ्या बाईला मामा म्हणतात. पहिले दोन दिवस कुणी हाक मारली की मी मागं वळून बघायची, कुणाचा मामा आलाय म्हणून.

पार्क 1946 सालचा, केनियातला पहिला नॅशनल पार्क. क्षेत्रफळ 117 चौरस किलोमीटर, म्हणजे जंगलाच्या हिशेबानं लहानच. पण शहराच्या मधल्या चौकांपासून जेमतेम सात किलोमीटरवर. तीन बाजूंना कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी, तिथं एक नदी हीच हद्द. जनावरं त्या बाजूनं अथी-कापिटीच्या माळावर जातात-येतात. तिकीट परदेशी माणसाला डॉलरमध्ये, तिथं राहणाऱ्याला शिलिंगमध्ये आणि बरंच स्वस्त. गेटवर रोख पैसे चालत नाहीत, आधी मोबाइलवरून भरून ठेवायचे. आणि प्लास्टिकची पाण्याची बाटली आत नेता येत नाही. पिशव्यांवर तर अख्ख्या देशात 2017 पासून बंदी आहे. मी कोल्हापुरातून चिवडा आणि लाडू पिशव्यांत बांधून नेले होते. मैत्रिणीनं निघायच्या आधी फोनवर झापलं म्हणून सगळं पुन्हा स्टीलच्या डब्यांत भरलं. कांदा-लसूण चटणीसुद्धा. तो डबा पुढं महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.

जुलैत नैरोबीत थंडी असते हे कुणी सांगत नाही. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून मी सुती साड्या घेऊन गेले. शहर आहे सतराशे मीटरच्या आसपास उंचीवर. मसाई भाषेत नैरोबी म्हणजे थंड पाण्याची जागा, हे नाव मला पहाटे सहाला उघड्या छपरातून पटलं. मैत्रिणीच्या यजमानांचा स्वेटर, वर तिची शाल, कानाला मफलर. एस.टी.च्या रातराणीला निघाल्यासारखा अवतार.

आत शिरल्यावर पहिली वीस मिनिटं नुसतं धुकं आणि गवत. मग धुक्यातून एक मान वर आली. जिराफ. त्याच्या मागं, अगदी त्याच्या खांद्याला टेकल्यासारख्या, शहराच्या उंच इमारती. हा फोटो मी इंटरनेटवर पाहिला होता आणि मला वाटायचं की कुणीतरी कॉम्प्युटरवर जोडलाय. नाही, तसंच दिसतं. वरून विल्सन विमानतळावर उतरणारी छोटी विमानं, आणि पार्काच्या मधून उंच खांबांवरून जाणारा रेल्वेचा सहा किलोमीटरचा पूल. 2019 पासून त्यावरून नैवाशाकडे गाड्या धावतात. आम्ही थांबलो असताना एक गाडी गेली. खाली झेब्रे चरत होते, एकानंही मान वर केली नाही. झेब्र्याला स्वाहिलीत पुंडा मिलिया म्हणतात, पुंडा म्हणजे गाढव, मिलिया म्हणजे पट्टेवालं. ड्रायव्हरनं हे सांगितल्यावर मला झेब्र्याबद्दलचा सगळा आदर निघून गेला आणि प्रेम मात्र वाढलं.

हा पूल आत यायला नको होता, असं मैत्रिणीचं मत आहे. त्यावर बरीच आंदोलनं झाली. मी पाहुणी, माझं मत कशाला. पण खांबांच्या सावलीत शहामृग उभा बघताना मला कसंतरीच झालं.

आता गेंडे. माझ्या लेखी या पार्काचं तिकीट गेंड्यांसाठी काढावं. हत्ती इथं नाहीत, ते आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक नंतर भांडतात. गेंडे मात्र काळेही आणि पांढरेही. दोघांचा रंग एकच, आपल्या ओल्या पाटा-वरवंट्यासारखा करडा. फरक ओठात. पांढऱ्याचं तोंड रुंद, सपाट, जमिनीला लावून गवत खातो. काळ्याचा वरचा ओठ चोचीसारखा टोकदार, तो झुडपांचा पाला ओरबाडतो आणि स्वभावानं तापट. आम्हाला पांढऱ्या गेंड्याची मादी आणि पिल्लू दिसलं, रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मग एक आवाज येऊ लागला, ससस-खर्र, ससस-खर्र. ती गवत तोडत होती. खुरप्यानं कुणी शेत भांगलतंय असा तो आवाज. मी शेतकऱ्याच्या घरातली, तो आवाज मला पाठ आहे. एवढा मोठा डोंगर, एवढा अवाढव्य देह, आणि काम करत होता भांगलणाऱ्या बाईचं.

पाठीवर लाल चोचीचे दोन पक्षी. गोचिडं खातात आणि माणूस जवळ आला की ओरडून गेंड्याला सावध करतात. स्वाहिली नाव अस्कारी वा किफारू, म्हणजे गेंड्याचा शिपाई. किफारू म्हणजे गेंडा, आणि लष्कराच्या रणगाड्यालाही हाच शब्द. हे नाव कुणी ठेवलं असेल त्याला मानलं.

तिथं आम्ही अर्धा तास उभे होतो. मागून तीन गाड्या आल्या, फोटो काढले, "सिम्बा, सिम्बा" करत निघून गेल्या. शेवटी आमच्याही ड्रायव्हरला फोन आला, सिंह दिसलाय म्हणून. गेलो. आठ गाड्या गोल उभ्या, सगळ्यांच्या माना एका झुडपाकडे. मला गवत दिसलं. मैत्रिणीला गवत दिसलं. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की कान हलला. पंधरा मिनिटं त्या कानाची वाट बघितली आणि मीच म्हटलं, चला. तेव्हा सिंहाच्या खात्यात एक कान, तोही ऐकीव.

पण सिंहाची गोष्ट ऐकायला मिळाली, ती चांगली होती. मोकळ्या दक्षिण बाजूनं सिंह रात्री बाहेर पडून मसाई लोकांच्या गाई-शेळ्या मारतात. मग लोक सिंहांना मारतात. तिकडच्या रिचर्ड तुरेरे नावाच्या मुलानं अकरा वर्षांचा असताना गाडीच्या जुन्या बॅटरीवर आणि सौर पट्टीवर चालणारे, एकामागून एक लुकलुकणारे दिवे गोठ्याभोवती लावले. सिंहाला वाटतं कुणी कंदील घेऊन फिरतंय. जनावरं वाचली, सिंहही वाचले, आणि 2013 मध्ये त्या पोरानं टेड या गाजलेल्या भाषणांच्या व्यासपीठावर ते जगाला सांगितलं. दाजीपूरच्या बाजूचे गवे उसात शिरतात तेव्हा आमच्याकडे डबे बडवतात. मी परत आल्यावर भावाला दिव्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "गव्याला कंदिलाची भीती नसते, ताई." असेल बाबा.

पार्कात एक जागा आहे जिथं हस्तिदंत जाळलं. 1989 मध्ये 12 टन, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी स्वतः आग लावली. पुन्हा 2016 मध्ये 105 टन. विकलं असतं तर केवढे पैसे आले असते, हा माझा पहिला विचार, बँकेची नोकरी ना. त्याच हिशेबाला कुणी बसू नये म्हणूनच जाळलं, हे मैत्रिणीनं समजावलं. राखेचे ढीग अजून आहेत. मी तिथं फार वेळ थांबले नाही.

अकराला शेल्ड्रिकच्या हत्तीघरात. हे आधीच ठरवून यावं लागतं, तासभरच आत सोडतात. आई गमावलेली पिल्लं, हिरव्या कोटातले सांभाळणारे, आणि हातभर लांब दुधाच्या बाटल्या. पिल्लं धावत येतात, एका दमात बाटली संपवतात आणि दुसरीसाठी शेजारच्याला ढुशी देतात. मग चिखलात लोळण. लहान पिल्लांच्या खोलीत रात्री सांभाळणारा माणूस झोपतो, कारण एकटं पिल्लू झुरतं. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही. त्याला चालेल असं दूध शोधायला हे घर उभारणाऱ्या डॅफ्ने शेल्ड्रिक यांना कितीतरी वर्षं लागली, आणि शेवटी खोबरेल तेलानं जमलं. आपल्या स्वयंपाकघरातलं खोबरेल! मोठी झाली की पिल्लांना त्सावोच्या जंगलात नेऊन सोडतात. गर्दी होती, पुढच्या रांगेत शाळेची पोरं होती, तरी पाचपैकी पाच.

आणि आता ज्यासाठी हात शिवशिवत होते ते. मैत्रिणीच्या यजमानांचा बेत वेगळा होता. मगर आणि शहामृगाचं मांस मिळणारं एक मोठं हॉटेल. मी सरळ नाही म्हटलं. सकाळी ज्याला पुलाच्या सावलीत बघितलं, त्याला दुपारी ताटात बघायची माझी तयारी नव्हती. बोकडाशी माझी अशी काही ओळख झाली नव्हती.

केन्याटा मार्केट म्हणजे गाळ्यांची दाटीवाटी. निम्म्या गाळ्यांत केसांच्या बारीक वेण्या घालतात, उरलेल्यांत मटण भाजतात. गाडीतून पाय खाली ठेवला की वेण्यावाल्या बायका हाताला धरतात. माझा पिकलेला, सुपारीएवढा अंबाडा बघूनसुद्धा एकीनं धीर सोडला नाही. "मामा, फक्त तीन तास!" म्हणाली. त्या खुर्च्यांवर एकेका मुलीच्या मागं दोन-दोन बायका वेण्या घालत होत्या, आणि पलीकडून कोळशाचा धूर. या वासाला काय म्हणावं? आमच्या जोतिबाच्या यात्रेत नाही, खरं तर रंकाळ्यावर कणसं भाजतात तेव्हा थोडा असा येतो. चोमा म्हणजे भाजलेलं. कणीस भाजलं की महिंदी चोमा, आणि तेही तिखट-मीठ-लिंबू लावून देतात, अगदी आपल्यासारखं. मटण भाजलं की न्यामा चोमा.

पद्धत अशी. दर्शनी बाजूला खाटकाच्या दुकानासारखे बोकड टांगलेले. तुम्ही बोट दाखवायचं, तो तोडणार, तुमच्यासमोर तोलणार. म्बुझी म्हणजे बोकड-शेळी. इथं मी पुढं झाले. मैत्रीण सत्तावीस वर्षं तिथं राहते, पण मटण निवडायचं तिला आजही कळत नाही, होस्टेलमध्येही कळायचं नाही. मी मागचा फरा घेतला आणि चापांची एक पट्टी, दीड किलो. चरबी बघून घेतली, पांढरी आणि घट्ट होती. खाटीक माझ्याकडे बघून हसला. जगातला कुठलाही खाटीक गिऱ्हाईक बोट कुठं ठेवतंय ते बघूनच ओळखतो.

मग वाट बघा. तासभर लागतो, जास्तही लागेल, आणि घाई केली तर कच्चं खाल. मसाला नाही, मुरवण नाही, फक्त मीठ. मंद कोळशावर मोठे तुकडे, हाडासकट. तोवर आल्याचा चहा प्यालो, दुधात उकळलेला, आपल्यासारखा. मुटुरा नावाचं एक प्रकरण चाखलं. बोकडाच्या आतड्यात खिमा आणि रक्त भरून भाजतात. आमच्याकडे वजडी आणि रक्ती खाणाऱ्यांना तो आवडेल. मला आवडला, मैत्रिणीनं तोंड फिरवलं.

मटण आलं लाकडी पाटावर. पोरानं जगमधून कोमट पाणी घालून टेबलाशीच हात धुऊन दिले. मग त्या पाटावरच सुरीनं घावासरशी बोटाएवढे तुकडे केले, एका कोपऱ्यात मिठाची ढेरी. शेजारी उगाली आणि कचुंबरी. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, वडीसारखा कापता येईल इतका. हातात गोळा करायचा, अंगठ्यानं खड्डा पाडायचा, त्यात काय हवं ते उचलायचं. त्याला स्वतःची चव नाही, पण भाकरीला तरी कुठं असते, भाकरी जोडीदार म्हणूनच मोठी. कचुंबरी ही नावासकट आपली वाटली, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. आणि सुकुमा विकी, म्हणजे केलसारखी पालेभाजी कांद्या-टोमॅटोवर परतलेली. नावाचा अर्थ आठवडा ढकलणे. पगार संपला की हीच भाजी. महिनाअखेरीच्या पिठल्याला असं नाव आपण का दिलं नाही?

पहिला तुकडा खाल्ला आणि वाटलं, अळणी. मीठ होतं, तरी अळणी. तांबड्या रश्श्यावर वाढलेली जीभ आधी मिरची शोधते. दुसऱ्या तुकड्याला चरबीचा कडेचा कुरकुरीत भाग आला. तिसऱ्याला कळलं की आपण मटण कितीतरी वर्षांत चाखलेलंच नाही, मसाला चाखतोय. मांस चिवट आहे, खोटं कशाला बोलू. माळावर चरलेलं, हिंडलेलं जनावर, दातांना काम आहे. कवळीवाल्यांनी फरा घेऊ नये, चाप घ्यावेत. पण चव गोड, धुराची, आणि हाडाजवळचा घास तर असा की मी पाच मिनिटं बोलले नाही. मैत्रिणीनं तसं घड्याळ लावून मोजलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण नळीचा. नळी फोडून देत नाहीत, तशीच पाटावर सोडतात, आणि माझ्याकडे ठोकायला काही नव्हतं.

बिल मोबाइलवरून दिलं, एम-पेसानं. आपल्याकडे यूपीआय आलं त्याच्या कितीतरी आधी, 2007 पासून, तिकडं हे चालू आहे. मका विकणारी बाईही त्यानंच घेते. पाहुण्यानं थोडे शिलिंग रोख ठेवावेत, बाकी यजमानांच्या फोनवर भार टाकावा. जाणाऱ्यांनी यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, परत येताना आपल्याच विमानतळावर कार्ड मागतात. आणि स्वेटर न्या.

राहिला चटणीचा डबा. शेवटचे चार तुकडे उरले तेव्हा मला राहवेना. पर्समधून डबा काढला, मिठाच्या ढेरीशेजारी चमचाभर कांदा-लसूण ओतली आणि तुकडा घोळवला. भाजणारा माणूस लांबून बघत होता. तो जवळ आला, न विचारता एक तुकडा उचलला, चटणीत दाबला, तोंडात टाकला. एक क्षण शांत. मग डोळ्यांत पाणी, आणि मोठ्यानं, "काली साना!"

हा शब्द मला ठाऊक होता. मैत्रिणीच्या फाटकावर, शेजारच्या फाटकावर, त्या रस्त्यावरच्या एकूण एक फाटकावर पाटी आहे, "म्ब्वा काली". कुत्रं चावरं आहे. काली म्हणजे चावरं, जहाल. साना म्हणजे फार. पाणी पिऊन त्यानं दुसरा तुकडा उचलला. मग शेजारच्या गाळ्यावरचे दोघं आले, वेण्या घालणारी मघाची बाई आली. तिनं चाखून हात झटकले आणि माझ्या अंबाड्याकडे असं बघितलं, की हिच्याकडे हे असेल असं वाटलं नव्हतं. डबा मी तिथंच ठेवून आले.

परवा मैत्रिणीचा फोन आला होता. ती मार्केटला गेली होती. भाजणाऱ्यानं डबा घासून-पुसून परत दिलाय आणि विचारलंय, मामा काली पुन्हा कधी येणार.